फ्रान्सिसने नेलेली ओटी

खरं ऐकायची तयारी नसेल तर फ्रान्सिसला काही विचारू नये, हे आमच्या गल्लीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. साडी कशी दिसते, भाजीत मीठ बरोबर पडलंय का, आमच्या मुलाचा आवाज गाण्याचा आहे का, काहीही विचारा, तो सांगून मोकळा व्हायचा. तेही तोंडभर हसत. मीच एकदा हौसेनं केस रंगवून आले तेव्हा म्हणाला, "मॅडम, रंग चांगला हाय. डोक्यावर नाई, पन रंग चांगला हाय." त्या रंगाची डबी मी पुन्हा उघडली नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या कारंज्याच्या शाळेत नोकरीला होते तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे फार जुनी नाही. आमची गल्ली नागपूर-अमरावती रस्त्याला पाठ लावून उभी. रस्त्यावर धाबे, धाब्यांपुढे ट्रकांची रांग, आणि एका धाब्याच्या कडेला फ्रान्सिस सोनटक्केची पत्र्याची टपरी. ट्रकचे दिवे, वायरिंग, बॅटऱ्या आणि हॉर्न हा त्याचा धंदा. अंगानं आडवा, हात कायम काळे, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. बॅटरी जोडायच्या आधी कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना हात लावून खूण करायचा. दुरुस्त केलेला हॉर्न मात्र वाजवून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, त्यामुळे सगळ्या गल्लीच्या दुपारच्या झोपेचं खोबरं व्हायचं. मी एकदा भांडायला गेले तर म्हणाला, "न वाजवता कसा सांगू दुरुस्त झाला म्हनून? ते खोटं होईन ना."

या खऱ्यापायी त्याचं नुकसानही व्हायचं. गल्लीतले ढोलेभाऊ आपली जुनी जीप विकत होते. गिऱ्हाईक समोर उभं, आणि ढोलेभाऊंनी डोळा मारत फ्रान्सिसला साक्षीला घेतलं, "सांग बुवा, बॅटरी नवीनच हाय ना?" फ्रान्सिसनं बॉनेट उघडून नीट पाहिलं आणि म्हणाला, "जीपपेक्षा नवी हाय." सौदा मोडला. ढोलेभाऊ पुढे कितीतरी दिवस आपली गाडी दुसरीकडे दाखवायला नेत. मी त्याला म्हटलं, अरे, गप्प तरी राहायचंस. तर म्हणे, "खोटं बोलाले डोकं लागते, मॅडम. काय बोललो ते ध्यानात ठेवा लागते. तेवढं डोकं माह्यापाशी नाई."

कारंज्यात कॅथलिक घरं थोडकीच. वर्ध्याहून फादर यायचे आणि मिशनच्या शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना, व्हायची. रविवारी सकाळी टपरी बंद म्हणजे बंद. ट्रकवाले धाब्यावर चहा पीत ताटकळत बसायचे, तो न्हाऊनधुऊन पांढरा शर्ट घालून त्यांच्यासमोरून निघून जायचा. एरवी केळझरच्या गणपतीला बायकांना न्यायचं तर सुमो चालवायला फ्रान्सिसच. तोही आत येऊन हात जोडायचा, प्रसाद खायचा. एकदा कुणीतरी विचारलं, तुझा देव रागवत नाही का रे? "त्याले माहीत हाय, मी डायवर म्हनून आलो," असं म्हणून त्यानं दुसरा लाडू उचलला.

त्याचं जेवणखाण शेजारच्या इंदूकाकूंकडे. त्याची आई तो शाळेत असतानाच गेली. बाप मिशनच्या जीपवर ड्रायव्हर, सदा बाहेरगावी. इंदूकाकूंनी कुणाला न विचारता आपल्या लेकीच्या, वर्षाच्या, ताटाशेजारी त्याचं ताट मांडायला सुरुवात केली, आणि बाप वारल्यावरही ते तिथंच राहिलं. काकू स्वतः फार लवकर विधवा झालेल्या. शिलाई मशीनवर त्यांनी लेकीला वाढवलं, लग्न करून दिलं. जिभेनं फटकळ आणि रीतीभातीला पक्क्या. गल्लीत कुणाच्याही ओटीत खण पडो, तो शिवायला शेवटी काकूंकडेच यायचा. पण ओटी भरायची वेळ आली की काकू आपणहून स्वयंपाकघरात जायच्या. भाजीला फोडणी द्यायची आहे, दूध उतू जाईल, असं काहीतरी निमित्त असायचं. त्यांना जा असं कुणी म्हणत नव्हतं. थांबा असंही कुणी म्हणत नव्हतं, आणि त्यात मी आलेच.

त्या वर्षी पोर्तुगालला जगभरच्या कॅथलिक तरुणांची यात्रा भरणार होती. नागपूरहून एक जथा जाणार होता आणि फादरांनी त्यात फ्रान्सिसचं नाव घातलं. नागपूरच्या पलीकडे न गेलेला माणूस! त्यानं टपरीवर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ही बातमी दिली. एक सरदारजी म्हणाले, वहाँ ट्रक कैसे हैं देखके आना. गल्लीत तर उत्साहाला ऊत आला. कुणी चिवडा दिला, कुणी लोणचं. यात्रेत पोरं एकमेकांना आपल्या देशाच्या वस्तू देतात असं त्याला कळलं होतं, म्हणून ट्रकच्या आरशाला बांधतात ते रंगीत गोंडे त्यानं पिशवीभर घेतले.

आणि इंदूकाकूंनी दिली ओटी.

त्यामागचं कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. वर्षाचं पोटातलं दोनदा गेलं होतं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि काकूंच्या डोळ्याला डोळा नव्हता. हिरवा खण, त्यात नारळ, हळकुंड, सुपारी आणि तांदळाची पुडी असं बांधून त्या फ्रान्सिसपुढे आल्या. मी तिथंच होते.

"आमच्या समद्या देवांले सांगून झालं," काकू म्हणाल्या. "तुह्या मेरीमायले बी लेकरू होतं ना? तिले कळन. तिची ओटी भरजो."

"भरतो की, काकू."

"तू नाई भराची, येड्या! मानसं कवा ओटी भरते का? तिथल्या एखाद्या बाईले सांगजो. अन् पाहून सांगजो, सवाष्ण पाह्यजे. इधवेचा हात नाई लागला पाह्यजे. ध्यानात ठेवशीन?"

"ठेवतो," फ्रान्सिस म्हणाला. शब्द दिला म्हणजे दिला.

तो परत आला त्या संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर गल्ली लोटली. अंगात यात्रेचा पिवळाजर्द टी-शर्ट, गळ्यात कुठल्या कुठल्या देशांचे बिल्ले. त्याला कुठून सुरुवात करावी ते सुचेना. "मानसं म्हंजे किती होती?" ढोलेभाऊंनी विचारलं. ते आता त्याच्याशी बोलू लागले होते. "सीझनात जिनिंगवर कापसाच्या गाड्या लागते ना," तो म्हणाला, "तशी रांग. पन इकडून पाहा, तिकडून पाहा, संपतच नाई." भलंमोठं मैदान, प्रत्येकाच्या पाठीवर पिशवी, ज्याच्या त्याच्या हातात आपला झेंडा. पायाला फोड आले, तरी गाणी थांबत नव्हती. इंडिया म्हटलं की लोक विचारायचे, गोवा? केरला? हा छाती काढून सांगायचा, "वर्धा!" त्यांना काही कळत नसे, तरी मिठी मारायचे. गोंडे बघता बघता संपले. ब्राझीलच्या एका पोरानं कारंज्याचा गोंडा पिशवीला बांधला आणि आपली टोपी याच्या डोक्यावर घातली.

"पन खरं सांगू का मॅडम," तो एकदम माझ्याकडे वळला. "पोपसाहेब आले, प्रार्थना सुरू झाली, अन् येवढी मानसं गुडघ्यावर. एक आवाज नाई. हॉर्न वाजवनाऱ्याले इचारा, चुप म्हंजे काय असते ते. मले रडूच आलं. इथं आपुन शाळेच्या हॉलात मोजक्या खुर्च्या मांडतो. मले नेहमी वाटे, मी म्हंजे लगनात चुकून आलेला पाव्हना. काऊन रविवारी दुकान बंद, काऊन गळ्यात हे, सगळ्याईले सांगत बसा लागते. तिथं कोनालेच काई सांगा लागलं नाई. समदे माह्याच घरचे."

इतकी वर्षं तो आमच्यात वाढला आणि त्याला असं वाटत असेल हे आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं. मग इंदूकाकूंनी, ज्यासाठी त्या इतका वेळ खोळंबल्या होत्या, ते विचारलं. "अन् ओटी?"

नारळ विमानतळावरच गेला होता. नियमात बसत नाही म्हणून तो तिथंच ठेवावा लागला, पण तिथल्या पहारेकऱ्यानं नारळ कपाळाला लावला आणि मी देवळात वाढवतो असं कबूल केलं. बाकीची ओटी पोचली. मोठ्या मेळाव्याआधी यात्रेकरूंना खेड्यापाड्यांतल्या घरी उतरवलं होतं. फ्रान्सिसच्या वाट्याला आलं एका म्हातारीचं घर. तिचं नाव मारिया. हा तिला आजीच म्हणायचा. गावात लहानसं देऊळ, त्यात मेरीमातेची मूर्ती, आणि त्या मूर्तीला कपडे घालायचं, सणाला नवा झगा चढवायचं काम या मारियाआजीकडे. फ्रान्सिसनं तिच्यापुढे खण उलगडला. भाषा येत नव्हती. त्यानं पोटावरून हात फिरवला, हातात बाळ जोजवलं, मग दोन बोटं दाखवून मान हलवली. म्हातारीला सगळं कळलं. तिनं डोळे पुसले, अंगणातलं मोठं थोरलं लिंबू तोडून नारळाच्या जागी ठेवलं आणि किल्ली घेऊन निघाली. मागून तिची सूनही आली.

"मंग? भरली?" काकू पुढे सरकल्या. "सवाष्णीच्या हातानं भरली ना?"

फ्रान्सिस गळ्यातले बिल्ले सरळ करू लागला. हो म्हण बाबा, मी मनात म्हणत होते. एक शब्द तर आहे. समोर बसलेल्या प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर तेच होतं.

"नाई, काकू," तो म्हणाला. "आजीनंच भरली. तिचा नवरा गेला हाय. तिकडं नवरा गेल्यावर म्हाताऱ्या बाया काळेच कपडे घालते, म्हनून मले दिसूनच राह्यलं होतं. सून बाजूले उभी होती, तिले सांगता आलं असतं. पन आजीनं खन हातात घेतला, त्याले असा गालाले लावला. तिच्या हातून काढून घ्याले माहा हातच उचलला नाई. अन् मंग मनात आलं, मेरीमाय तरी कोन होती? तिचे मालक जोसेफबाबा पयलेच गेलते. लेकाले क्रुसावर चढवला तवा ती एकटीच उभी होती. तिले चालन, असं वाटलं मले."

काकू उठल्या. "तुले चालन का इचारलं होतं मी?" एवढंच बोलल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून फ्रान्सिसचं ताट बंद झालं. तो धाब्यावर जेवू लागला. गल्लीत दोन तट पडले. खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं, असं म्हणणारे जास्त. मी टपरीवर जाऊन त्याला तेच सुनावलं. तो हॉर्न खोलून बसला होता. "मॅडम, काकूले खोटं सांगून तिच्याच हातचं जेवू?" तो म्हणाला. "वर्षाले मी बहीन म्हनतो. रोज क्रूस हातात घेऊन सांगून राह्यलो, माही चूक असन तर मले दे, तिले नको." पहिल्यांदा मला त्याच्या आवाजात भीती ऐकू आली. वर्षाला काही झालं असतं तर काकूंनी त्याला जन्मभर उंबरा ओलांडू दिला नसता, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

मारियाआजीचा नातू त्याला मोबाईलवर फोटो पाठवायचा. काकू बोलत नव्हत्या तरी फ्रान्सिस रोज सकाळी त्यांचं पाणी भरून द्यायचा. एके दिवशी हंडा ठेवल्यावर त्यानं मोबाईल उघडून मशीनवर ठेवला. मी ब्लाउजचं माप द्यायला गेले होते. फोटोत ते देऊळ होतं. मूर्तीच्या पायाशी आमचा हिरवा खण नीट पसरलेला, त्यावर तांदूळ, आणि बाजूला काळ्या कपड्यांतली वाकलेली म्हातारी मेणबत्ती लावत होती.

काकूंनी मशीन थांबवलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "हिचा नवरा कवा गेला?"

"लय वर्सं झाली. तिचा पोरगा लहान होता."

"अन् तवापासून हेच मूर्तीले कपडे घालते? कोनी काई म्हनत नाई?"

"नाई, काकू. गावानंच तिच्या हाती चावी देली हाय."

काकूंनी पुन्हा मशीन सुरू केलं. पण फ्रान्सिस दारापर्यंत गेला तेव्हा त्याच तिरसट आवाजात ओरडल्या, "जेवाले येजो. वांग्याची भाजी हाय."

कापूस घरात यायच्या दिवसांत वर्षाचं डोहाळजेवण झालं, काकूंच्याच अंगणात. फ्रान्सिसनं टपरीवरचे ट्रकचे रंगीत दिवे आणून मांडवाला लावले होते. वर्षा हिरव्या साडीत बसली होती, चेहऱ्यावर हसू आणि एक हात सतत पोटावर. बायका एकेक करून ओटी भरत होत्या. काकू नेहमीसारख्या स्वयंपाकघरात. माझं भरून झालं आणि मी बाजूला होते तोच काकू बाहेर आल्या. पदराला हात पुसत होत्या.

"सरका व जरा," त्या म्हणाल्या.

बायका सरकल्या. एका म्हातारीनं "इंदे, अवं..." असं काहीतरी सुरू केलं. काकूंनी सुपातले तांदूळ ओंजळीत घेतले. "तिथं चालते तर इथं काऊन नाई?" त्या म्हणाल्या. "माह्या लेकीची ओटी मी नाई भरनार तर कोन भरन?" आणि त्यांनी भरली, एकेक ओंजळ, सावकाश, सगळ्या रीतीनं. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत होतं. पुढे काही वाईट झालं असतं तर सगळ्या गल्लीनं त्या हातांनाच बोल लावला असता. वर्षा आईच्या कमरेला मिठी मारून रडली, मीही रडले. फ्रान्सिस मांडवाच्या खांबाशी वायर धरून उभा होता. त्याची दुसऱ्या हातानं क्रुसाची खूण चालली होती आणि दिवे लावायचं तो विसरूनच गेला होता.

वर्षाला मुलगी झाली. ठणठणीत, आणि आवाज असा की फ्रान्सिस म्हणाला, "हिले टेस्ट कराची गरज नाई." मला मात्र काकूंच्या ओंजळीतले ते तांदूळ आठवतात तेव्हा बाळ अजून व्हायचं होतं हे मी लक्षात ठेवते. पुढे काय होणार हे काकूंना त्या दिवशी कुठं ठाऊक होतं?

त्यानंतरच्या उन्हाळ्यात फ्रान्सिसला पुण्याला एका मोठ्या गॅरेजात काम मिळालं. माझीही बदली हिंगणीला ठरली होती, त्यामुळे मी त्याला पाहिलं ते तो निघाला त्या संध्याकाळी शेवटचंच. धाब्यासमोर ट्रॅव्हल्सच्या गाडीची वाट पाहत सगळी गल्ली उभी होती. त्यानं तोच पिवळा टी-शर्ट घातला होता, आता विटलेला. वर्षाच्या कडेवर बाळ. गाडी आली, क्लीनरनं त्याची बॅग वर चढवली, तेवढ्यात इंदूकाकू पिशवी घेऊन पुढे झाल्या.

"शर्ट धर पुढं."

"कायले?"

"धर म्हनलं ना."

त्यानं टी-शर्टची खालची कड दोन्ही हातांनी पुढे धरली. काकूंनी पिशवीतून तांदळाची मूठ काढली. ढोलेभाऊंना राहवलं नाही. "अवं काकू, मानसाची कवा ओटी भरते का कोनी?"

"फ्रान्सिसले इचारा," काकू म्हणाल्या. "तो खरं सांगन."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "नाई भरत," फ्रान्सिस म्हणाला. पण शर्टाची कड त्यानं खाली सोडली नाही, उलट थोडी आणखी पुढे केली. काकूंनी तांदूळ घातले, हळकुंड घातलं, सुपारी घातली, आणि वर नारळ ठेवला. "हा नेजो. बस हाय, कोनी काढून घेत नाई."

ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तो हॉर्न बहुधा फ्रान्सिसनंच कधीतरी दुरुस्त केलेला असावा. फ्रान्सिस तांदळाचा दाणा सांडू नये म्हणून वाकून, पायरी चाचपत गाडीत चढला. खिडकीशी बसला तरी ओटी तशीच धरून होता. गाडी हलली. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते, त्याला काही हात हलवता आला नाही.